ओपीजीत कीड दिसली नाही, मग ती आली कुठून?

प्रश्न नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: "मुलगी १४ वर्षांची. तारा लावायच्या म्हणून आठ महिन्यांपूर्वी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) काढला, तेव्हा कीड नाही असं सांगितलं. गेल्या महिन्यात उजवीकडची खालची दाढ दुखायला लागली. दुसऱ्या दवाखान्यात छोटा एक्स-रे काढला, तर कीड नसेजवळ पोहोचलेली निघाली. रूट कॅनल करावं लागेल म्हणतात. ओळखीतले एक जण सांगतात, एकदाच सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) काढा म्हणजे तोंडातली सगळी कीड कळेल. ओपीजी चुकला का? सीबीसीटी काढू का? धाकटा ९ वर्षांचा आहे, त्याचंही काही काढायचं का? इतक्या किरणांची भीती वाटते."

ताई, आधी सरळ उत्तर देते. ओपीजी चुकला नाही. त्याला जे नीट दिसत नाही, ते त्याला विचारलं गेलं. सीबीसीटी कीड शोधण्यासाठी काढू नका. दोन दातांच्या मधली कीड शोधायला जो एक्स-रे लागतो त्याचं नाव बाइटविंग. तुमच्या सांगण्यावरून तो अजून एकदाही काढलेला दिसत नाही. पंचवटीत मी २४ वर्षं दातांचा दवाखाना चालवते आहे आणि बाहेरून फायली घेऊन येणाऱ्यांत ओपीजी असतो, दुखऱ्या दाताचे एक्स-रे असतात, हल्ली सीबीसीटीच्या सीडीही असतात, पण बाइटविंग क्वचितच असतो. त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हा सगळ्यात साधा आणि स्वस्त एक्स-रेंपैकी एक आहे.

कीड लपते कुठे हे आधी समजून घ्या. दाढेच्या चघळायच्या बाजूवरची, खाचांमधली कीड डोळ्यांना दिसते. दात कोरडा करून, चांगल्या उजेडात, भिंग लावून पाहिलं तर सुरुवातीचा पांढुरका डागही कळतो. तिथे एक्स-रे उलट मागे पडतो, कारण खाचेभोवती एनॅमलचा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाचा, जाड थर असतो आणि बारीक कीड त्यात बुडून जाते. पण दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात, त्या टेकण्याच्या जरा खाली जी कीड सुरू होते, ती डोळ्यांना दिसत नाही आणि तपासायच्या टोकदार सळईलाही सापडत नाही. दिंडोरी, निफाडकडून येणाऱ्या बागायतदारांना मी द्राक्षावरच्या डावणी रोगाचं उदाहरण देते. बागेत उभं राहून पानाची वरची बाजू कितीही न्याहाळा, बुरशीची पांढरी वाढ असते खालच्या बाजूला. पान उलटून पाहावंच लागतं. दाढांच्या मधली फट तशीच आहे, आणि बाइटविंग म्हणजे पान उलटून पाहणं.

त्यात फिल्म किंवा सेन्सर दाढांच्या जिभेकडच्या बाजूला ठेवतात. त्याला जोडलेली पट्टी किंवा प्लॅस्टिकचा होल्डर दातांत धरून तोंड मिटायचं. किरण गालाच्या बाजूने, दोन दाढांच्या फटीतून आरपार सोडायचे. एकाच चित्रात वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे येतात, मधल्या सगळ्या फटी मोकळ्या दिसतात आणि दातांमधल्या हाडाची उंचीही कळते. मुळांची टोकं मात्र येत नाहीत. हॉवर्ड रेपर या अमेरिकन दंतवैद्याने ही पद्धत १९२५ साली मांडली. म्हणजे शंभर वर्षं झाली, आणि दाढांच्या मधल्या किडीसाठी आजही तुलना करताना एक्स-रेंमध्ये हाच प्रमाण धरला जातो.

तुमच्या मुलीची दाढ दुखत होती तेव्हा काढला तो छोटा एक्स-रे म्हणजे आयओपीए. मुळाच्या टोकापर्यंत अख्खा दात दाखवणारा. लोक त्याला आरव्हीजी म्हणतात, पण आरव्हीजी हे सेन्सरवर चित्र घेण्याच्या तंत्राचं नाव आहे. त्यावर आयओपीएही काढता येतो आणि बाइटविंगही. दात दुखत असताना आयओपीए काढणं बरोबरच होतं, मुळाशी सूज आहे का ते त्यातच कळतं. पण त्यात एकाच जबड्याचे दोन-तीन दात येतात. शिवाय वरच्या दाढांना टाळूमुळे सेन्सर सरळ बसत नाही, मग किरण तिरके सोडावे लागतात आणि किडीची खोली खरी कळत नाही. दुखण्याचं कारण शोधायला आयओपीए, न दुखणारी कीड शोधायला बाइटविंग. आपल्याकडे रुग्ण दुखल्याशिवाय येत नाही, म्हणून डॉक्टरांच्या हाताला आयओपीएची सवय आणि बाइटविंगची नाही. हे मी आमच्या व्यवसायाबद्दल सांगते आहे, कुणा एकाबद्दल नाही.

आता ओपीजी. यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका लांब चित्रात येतात. अक्कलदाढ कुठे अडली आहे, पक्के दात सगळे आहेत का, जबड्यात गाठ आहे का, सांधे कसे आहेत, हे पाहायला हा उत्तम. तारा लावण्याआधी तो काढायलाच हवा होता. अडचण अशी की फिरताना यंत्र जबड्याच्या आकाराचा एक ठरावीक पट्टाच स्पष्ट टिपतं. त्या पट्ट्याच्या पुढे-मागे असलेलं सगळं पुसट होतं. उपदाढांपाशी किरण फटीतून सरळ न जाता तिरके जातात, त्यामुळे शेजारचे दात चित्रात एकमेकांवर चढलेले दिसतात. जिथे दोन एनॅमल एकावर एक आले, तिथे मधली कीड झाकली गेली. बारकाव्याचंही तसंच: चांगल्या ओपीजीत एका मिलिमीटरमध्ये साधारण पाच रेषाजोड्या (शेजारशेजारच्या एक काळी, एक पांढरी अशा बारीक रेषा) वेगळ्या ओळखता येतात, तर तोंडातल्या फिल्मवर वीसच्या आसपास. मोठी, पोखरलेली कीड ओपीजीतही दिसते. सुरुवातीची दिसत नाही. म्हणून "ओपीजीत कीड नाही" या वाक्याचा अर्थ "मोठी कीड नाही" एवढाच धरावा. तुमच्या मुलीची कीड आठ महिन्यांपूर्वी बहुधा तिथेच होती.

काही नव्या ओपीजी यंत्रांत बाहेरूनच बाइटविंगसारखं चित्र घेण्याची सोय असते, किरणांचा कोन फटींना जुळवून घेतात. ज्यांना सेन्सर तोंडात घेतला की उमासे येतात त्यांच्यासाठी मी ते चालवून घेते. तोंडातल्याइतकं स्पष्ट ते नसतं.

सीबीसीटीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण "थ्रीडी म्हणजे सगळं दिसणार" हा समज आता फार पसरला आहे. शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती फिरवून त्रिमितीय चित्र बनतं. इम्प्लांटसाठी हाड मोजायला, हाडात अडकलेला सुळा नेमका कुठे आहे ते पाहायला, वेड्यावाकड्या मुळांच्या रूट कॅनलला याच्यासारखं साधन नाही, आणि तिथे मी स्वतः रुग्णांना तो काढायला पाठवते. पण किडीसाठी तो दोन कारणांनी फसवतो. पहिलं, तोंडात दातात भरलेली चांदी, धातूची कॅप असं काही असलं की त्याच्या बाजूने काळे पट्टे उमटतात. एक्स-रेत कीडही काळीच दिसते. मग नसलेली कीड दिसते आणि असलेली त्या पट्ट्यांत हरवते. दुसरं, चित्र घ्यायला कित्येक सेकंद लागतात आणि तेवढ्यात मूल जरासं हललं तरी कडा पुसट होतात. युरोपातल्या सेडेंटेक्स-सीटी प्रकल्पाच्या मार्गदर्शक सूचनांतही कीड शोधण्यासाठी सीबीसीटी काढू नये असंच म्हटलं आहे. दुसऱ्या कारणासाठी काढलेला असेल तर त्यात दातही तपासून घ्यावेत, एवढंच.

किरणांची भीती रास्त आहे, म्हणून आकडे देते. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतच असतो. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट हे किरणांच्या डोसचं माप, एका मिलिसिव्हर्टचे हजार मायक्रोसिव्हर्ट) धरतात, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. आयताकृती कॉलिमेटर (त्याबद्दल पुढे सांगते) लावून चार बाइटविंग काढले तर साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट. एका दिवसापेक्षा कमी. ओपीजीला साधारण १० ते २५. सीबीसीटीत यंत्र आणि चित्राचा आवाका यानुसार काही दहा मायक्रोसिव्हर्टपासून कित्येक शेपर्यंत, आणि पूर्ण चेहऱ्याचा मोठा स्कॅन असेल तर काही यंत्रांत हजारापर्यंत. मुलांच्या वाढत्या पेशी किरणांना जास्त नाजूक असतात, म्हणून हा फरक १४ आणि ९ वर्षांच्या मुलांसाठी आणखी महत्त्वाचा.

कॉलिमेटर म्हणजे यंत्राच्या नळीच्या तोंडाशी बसणारं, झोत आवळणारं झाकण. बहुतेक दवाखान्यांत गोल नळी असते. सेन्सर असतो आयताकृती, त्यामुळे गोल झोताचा मोठा भाग विनाकारण गालावर पडतो. आयताकृती कॉलिमेटर लावला की डोस निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरतो. शिशाच्या ॲप्रनबद्दल रुग्ण नेहमी विचारतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये सांगितलं की दातांच्या एक्स-रेसाठी ॲप्रन आणि थायरॉइड कॉलर यांची आता गरज नाही, झोत नीट आवळा आणि गरज असेल तेव्हाच एक्स-रे काढा. लहान मुलांच्या आया मागतात तेव्हा मी ॲप्रन घालते, त्यांच्या मनाला बरं वाटतं. पण मुलाचं खरं रक्षण होतं ते पहिल्याच वेळी एक्स-रे बरोबर आल्याने. तीनदा चुकून चौथ्यांदा जमलेला एक्स-रे म्हणजे चौपट किरण, मग अंगावर काहीही घाला. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, तीही विचारायला संकोच करू नका.

बाइटविंग बरोबर काढणं हे कौशल्याचं काम आहे. किरण आडव्या दिशेने थोडे जरी तिरके गेले तरी दाढा एकमेकींवर चढतात आणि ओपीजीचीच गत होते. सेन्सर फिल्मपेक्षा जाड आणि कडक असतो, त्याला वायर असते, अरुंद जबड्यात तो टोचतो, रुग्ण तोंड पुरतं मिटत नाही आणि चित्र वाकडं येतं. अशा वेळी पातळ फॉस्फर प्लेट बरी, पण ती स्कॅनरमध्ये घालावी लागते आणि तिच्यावर ओरखडे पडतात. बोटाने सेन्सर धरायला सांगणं मी बंद केलं त्याला बरीच वर्षं झाली. होल्डर वापरला की कोन आपोआप जुळतो आणि बोटावर किरणही पडत नाहीत.

फिल्म की डिजिटल, या वादात मी फार पडत नाही. पहिली आठ वर्षं मी फिल्मवर काम केलं. नीट धुतलेली फिल्म सुरेख दिसते. पण द्रावण २० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, आणि नाशिकच्या मे महिन्यात पारा चाळिशीकडे जातो तेव्हा फिल्म काळपट निघायच्या. मी ट्रे माठातल्या गार पाण्यात ठेवायचे. सेन्सरने ती कटकट संपवली. नवी कटकट अशी आली की संगणकावर चित्राचा उजेड आणि गडदपणा हवा तसा बदलता येतो. फार गडद केलं की निरोगी दातावरही काळी सावली उठते. म्हणून मूळ चित्र आधी पाहावं, खोलीतला दिवा मंद करून पाहावं. आणि एक विनंती: पडद्यावरच्या एक्स-रेचा मोबाइलने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून "कीड आहे का" असं विचारू नका. त्या फोटोत बारीक सावल्या उरत नाहीत. दवाखान्याकडून मूळ फाइल मागून घ्या.

बाइटविंगही सगळं सांगत नाही. एक्स-रेत सावली उमटण्यासाठी त्या जागेतलं साधारण ३० ते ४० टक्के खनिज निघून जावं लागतं. त्यामुळे अगदी कोवळी कीड त्यातही निसटते, आणि दिसणारी कीड प्रत्यक्षात चित्रातल्यापेक्षा थोडी खोल असते. दुसरीकडे, नसलेली कीडही दिसते. दाताच्या मानेपाशी, एनॅमल संपतं आणि हाड अजून सुरू होत नाही त्या पट्ट्यात, किरण सहज आरपार जातात आणि काळी सावली पडते. दवाखाना सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मी अशाच एका सावलीला कीड समजून एका तरुण मुलाची उपदाढ उघडली. आत दात टणक आणि निरोगी होता. मी त्याला आणि त्याच्या वडिलांना तेव्हाच खरं सांगितलं, आणि फिलिंग करून दिलं. पण गेलेला दात परत येत नाही. त्या दिवसापासून एका सावलीवर मी ड्रिल उचलत नाही. सावली टेकण्याच्या जागेच्या लगेच खाली आहे की हिरडीजवळ, तिची कड एनॅमलमध्ये तुटलेली आहे का, शेजारच्या एक्स-रेतही ती तिथेच दिसते का, हे सगळं पाहते.

तरीही शंका राहिली तर तारांच्या उपचारात वापरतात ते छोटं रबरी सेपरेटर दोन दाढांच्या मध्ये दोन-तीन दिवस ठेवते. फट किंचित उघडते आणि खड्डा पडलाय की नुसता डाग आहे ते डोळ्यांनी पाहता येतं. हे महत्त्वाचं आहे, कारण सावली एनॅमलमध्येच असेल तर बहुतेक वेळा पृष्ठभाग शाबूत असतो. तिथे फ्लोराइड व्हार्निश लावायचं, रोज फ्लॉस करायला, म्हणजे दातांच्या फटीत दोरा फिरवायला, शिकवायचं, खाण्याच्या वेळा सावरायच्या आणि वर्षभराने तसाच बाइटविंग काढून ताडून पाहायचं. थांबलेली कीड भरायची नसते. सावली डेंटीनच्या, म्हणजे एनॅमलच्या आतल्या भागाच्या, बाहेरच्या थरात नुकतीच शिरली असेल तर सेपरेटर लावून ठरवते. त्याहून आत गेली असेल तर फिलिंग.

किरणांशिवाय पाहण्याची साधनंही आहेत. जवळच्या अवरक्त प्रकाशाचा, ७८० नॅनोमीटरचा कॅमेरा दाढेतून प्रकाश सोडून मधली कीड गडद दाखवतो. गरोदर बाई, वारंवार तपासायची मुलं यांच्यासाठी तो छान आहे, पण खोली त्यात कळत नाही. लाल लेझरचं, ० ते ९९ आकडा दाखवणारं पेनासारखं उपकरण खाचांसाठी आहे. डाग आणि कीटण यांनी त्याचा आकडा उगाच चढतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर दात कोरू देऊ नका. पुढच्या दातांना तर यातलं काहीच लागत नाही: मागून बारीक प्रकाश टाकला की मधली कीड काळसर चमकते.

धाकट्याबद्दल. नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडात दुधाच्या दाढा असतात. त्या एकमेकींना टोकाने टेकत नाहीत, सपाट लागून असतात, आणि त्यांचं एनॅमल पातळ असतं, त्यामुळे त्यांच्या मधली कीड लपतेही चांगली आणि वाढतेही भराभर. त्या दाढांमध्ये फटी मोकळ्या दिसत असतील तर डोळ्यांनीच तपासा, एक्स-रे नको. घट्ट चिकटलेल्या असतील तर लहान आकाराच्या सेन्सरवर दोन बाइटविंग काढून घ्या. किती वेळा, हे धोक्यावर ठरतं. अमेरिकेतल्या २०१२ च्या शिफारशींत कीड होण्याचा धोका जास्त असलेल्या मुलांसाठी ६ ते १२ महिने, कमी असलेल्यांसाठी १२ ते २४ महिने असं अंतर दिलं आहे. मोठ्यांना हेच ६ ते १८ आणि २४ ते ३६ महिने. बहिणीला इतकी कीड झाली आहे, घरातलं खाणंपिणं एकच, तेव्हा त्याला मी सध्या जास्त धोक्यात धरेन. डब्यात बिस्किटं, येता-जाता बेदाणे चघळणं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बेदाणे दाताला चिकटून बसतात, एकदा जेवणाबरोबर खाल्ले तर चालतात, दिवसभर थोडे थोडे नको.

आता मुलीचं. रूट कॅनलच्या खुर्चीत बसवण्याआधी डॉक्टरांना विचारा की दाताला थंड लावून पाहिलं का, आणि थंड काढल्यावर कळ किती वेळ राहते. एक्स-रे नस जिवंत आहे की मेली हे सांगत नाही, कीड तिच्याजवळ आहे एवढंच सांगतो. कळ लगेच थांबत असेल, रात्री आपोआप ठणकत नसेल, तर या वयात नस वाचवून वर एमटीएसारखं औषध घालून दाढ भरता येण्याची चांगली शक्यता असते. रात्रभर ठणका असेल तर रूट कॅनलला मागेपुढे पाहू नका.

आणि ताराही अजून लागायच्या असतील तर थोडं थांबा. मागच्या दाढांवर धातूचे बँड बसले की त्या बाजूंची कीड एक्स-रेत झाकली जाते. त्याआधीच दोन्ही बाजूंचे बाइटविंग काढून घ्या, डावीकडचाही, कारण एका बाजूला इतकी खोल कीड निघालेल्या मुलीच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी सापडण्याची शक्यता मोठी असते आणि तिथे ते अजून दुखायला लागलेलं नाही.